कॅलेंडरच्या पाठीवरचं प्रश्नचिन्ह

मावशी,

माझं वय २९. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. बाबा रेल्वेत लोको पायलट होते, सात वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आम्ही अजनीत राहतो. बाबा श्रद्धाळू आहेत, मी नाही. ड्युटीच्या काळातही टेकडीच्या गणपतीला हात जोडल्याशिवाय स्टेशनात पाऊल ठेवलं नाही, असं ते अभिमानानं सांगतात. ‘सगळं आधीच ठरलेलं असतं, आपण नुसते निमित्त,’ हे त्यांचं एकच पालुपद. मी सांगते, की ईश्वरी इच्छा वगैरे काही नसतं. उलट मेंदूवरच्या प्रयोगांनी दाखवून दिलंय, की आपण ‘ठरवलं’ म्हणतो त्याच्या आधीच मेंदूची तयारी सुरू झालेली असते, म्हणजे ठरवणारा ‘मी’सुद्धा भ्रमच. मी आवाज कधीच चढवत नाही, संदर्भ देऊन बोलते. ते मात्र मुद्द्याला मुद्दा देत नाहीत. मध्यंतरी त्यांनी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे ‘लिबर्ट, १९८३, अर्धा सेकंद?’ असं लिहून ठेवलेलं दिसलं. नावसुद्धा धड नाही, मला हसूच आलं. आता पंधरा दिवस झाले, मी काही म्हटलं की ‘असेल बा तुझं बरोबर’ म्हणतात आणि ताट घेऊन उठतात. आई माझ्यावरच चिडते. त्यांच्या भावना न दुखावता त्यांना पटवून कसं द्यायचं?

— एक वाचक, नागपूर

पोरी,

तुझं पत्र वाचताना मी त्या कॅलेंडरच्या पानापाशी थांबले, आणि खरं सांगते, पुढे सरकायला मला वेळ लागला. तू ते एका वाक्यात उरकलंस, तेही तुला हसू आलं एवढं सांगण्यापुरतं.

माझ्या डोळ्यांसमोर काय येतं ते सांगते. सदुसष्ट वर्षांचा माणूस. जेवणं झालीत, भांडी घासायला पडलीत, तू तुझ्या खोलीत गेली आहेस. तो चष्मा शोधतो, मागच्या महिन्याचं पान उलटं करून मांडीवर घेतो आणि लेकीनं जेवताना एकदाच उच्चारलेलं परदेशी नाव आठवून आठवून लिहितो. नाव चुकलं. साल बरोबर आहे. आकड्यापुढे त्यानं प्रश्नचिन्ह काढलंय.

‘मुद्द्याला मुद्दा देत नाहीत’ म्हणतेस? अगं, ते प्रश्नचिन्ह हाच त्यांचा मुद्दा होता. तो तुला विचारायचा होता. तू हसलीस. तोंडावर हसली नसशीलही, पण बापाला लेकीचं हसू भिंतीआडूनही कळतं. पंधरा दिवसांपासून ते ताट घेऊन उठतात, यात मला काहीच नवल वाटत नाही.

त्यांच्या नोकरीतली एक रीत तुला माहीत असेल. इंजिनात दोघं असतात. सिग्नल दिसला की एकानं तो मोठ्यानं पुकारायचा आणि दुसऱ्यानं स्वतः बघून तोच पुन्हा पुकारायचा. रात्री अडीच वाजता, धो धो पावसात, डोळ्यांवर झोप असताना दोघांना एकच दिसतंय ना, याची ती खातरजमा. तुझ्या बाबांनी अर्धं आयुष्य समोरच्याचं बोलणं असं परत म्हणून दाखवण्यात घालवलं. त्यांनी तुझा सिग्नल कागदावर पुकारला. त्यांचा तू आजवर एकदा तरी पुकारलास का?

तुझ्या पत्रात त्यांचं म्हणणं सहा शब्दांत येतं: सगळं आधीच ठरलेलं असतं, आपण निमित्त. एवढंच त्यांचं म्हणणं आहे, यावर माझा विश्वास नाही. जो माणूस टेकडीच्या गणपतीला हात जोडून इंजिनात चढायचा आणि लाल दिवा दिसला की ब्रेक लावायचा, त्यानं ब्रेक लावणं कधी प्रारब्धावर सोडलं नाही. त्याच्यामागे डब्यांत शेकडो माणसं झोपलेली असायची. या माणसाच्या डोक्यात ‘ठरलेलं’ आणि ‘माझ्या हातातलं’ या दोन गोष्टी कशा नांदतात, हे ऐकायला मी स्वतः अजनीला यायला तयार आहे. तू त्याच घरात २९ वर्षं राहतेस आणि तू विचारलं नाहीस.

आता तुझ्या विज्ञानाकडे येते, कारण राग मला तिथे जास्त आलाय.

अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेला तो प्रयोग. माणसाला घड्याळासारख्या तबकडीवर वेगानं फिरणाऱ्या ठिपक्यासमोर बसवलं, डोक्याला तारा लावल्या आणि सांगितलं, की मनात येईल तेव्हा मनगट हलव, फक्त ‘आता हलवावं’ असं वाटलं तेव्हा ठिपका कुठे होता ते लक्षात ठेव. मेंदूतली तयारीची लहर हालचालीच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी सुरू झालेली दिसली आणि इच्छेची जाणीव सुमारे २०० मिलिसेकंद आधी. म्हणजे अर्धा सेकंद आहे तो तयारीपासून हालचालीपर्यंत. तयारी आणि जाणीव यांच्यातलं अंतर त्याहून कमी, सेकंदाचा साधारण तिसरा भाग. बाबांनी ‘अर्धा सेकंद’च्या पुढे प्रश्नचिन्ह काढलं, ते अगदी योग्य जागी काढलं. कशापासून कशापर्यंत अर्धा सेकंद, हे तू सांगितलं होतंस का?

आणि खुद्द लिबेट काय म्हणत होते, हे सांगितलंस का? स्वतःच्या प्रयोगातून त्यांनी ‘मी’ला भ्रम ठरवलं नाही. जाणीव झाल्यावर हालचाल होण्याआधी जी थोडी सवड उरते, तिच्यात माणूस ती कृती थोपवू शकतो, असं त्यांचं मत होतं. सुरुवात आपली नसेल, पण नकार आपला असू शकतो. आपल्या साध्या मराठीत याला मन आवरणं म्हणतात, आणि बाबा तुला पहिलीपासून तेच सांगत आले असतील. पुढे २०१२ मध्ये मेंदूसंशोधक आरन शर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या लहरीचाच वेगळा अर्थ मांडला. मेंदूत चढउतार सतत चालू असतात, त्यातला एखादा चढ ठरावीक पातळीच्या वर गेला की हात हलतो, आणि हालचालीच्या क्षणापासून मागे मोजत सरासरी काढली की ते चढउतार आधीपासूनच्या तयारीसारखे दिसतात. म्हणजे चाळीस वर्षं झाली तरी शास्त्रज्ञांचं आपसांत यावर एकमत नाही. शिवाय कारणाशिवाय मनगट हलवणं आणि लग्न कुणाशी करावं, नोकरी सोडावी की नाही हे ठरवणं, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

हे सगळं तुला ठाऊक नसेल तर वाच. ठाऊक असून तू फक्त सोयीची अर्धी बाजू सांगितली असशील, तर ते फार वाईट आहे, कारण समोरच्या माणसाला ते तपासून पाहायची सोय नाही. त्याच्याकडे एक कॅलेंडरचं पान आहे. त्यानं तुझ्या शब्दावर विश्वास ठेवून साल टिपून घेतलं. वर्गातल्या मुलाला तू असं अर्धवट शिकवशील का?

अजून एक गोष्ट तुम्हा दोघांच्याही लक्षात आलेली नाही. बाबा म्हणतात देवानं ठरवलंय, तू म्हणतेस मेंदूनं आधीच ठरवलंय. ठरवणारे आपण नाही, यावर तुमचं दोघांचं एकमत आहे! वाद चाललाय तो कर्त्याच्या नावावरून. आणि बाबांचीच परंपरा उघडून बघशील तर तिथेही हा प्रश्न मिटलेला नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात ६१ व्या श्लोकात कृष्ण म्हणतो, ईश्वर सगळ्यांच्या हृदयात राहून त्यांना यंत्रावर चढवल्यासारखं फिरवतो. दोनच श्लोकांनंतर, ६३ व्यात, तोच अर्जुनाला सांगतो, ‘विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु’. याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. यंत्रावर बसलेल्याला ‘तुला वाटेल तसं कर’ कसं म्हणायचं? गीतेच्या भाष्यकारांनी यावर शतकानुशतकं डोकं खपवलंय. हा प्रश्न बाबांना विचार, बघ त्यांचे डोळे कसे चमकतात.

‘सगळं ठरलेलं आहे’ या विचाराची तुला चीड येते, ती मी चूक म्हणणार नाही. मलाही येते. तुझा हा जन्म मागच्या जन्माच्या कर्माचं फळ, असं सांगून पिढ्यानपिढ्या माणसांना खाली बसवून ठेवलं गेलं, आणि आपण ज्या शहरात राहतो तिथेच त्याला सगळ्यांत मोठं उत्तर मिळालं. बुद्धानं तर तीन मतं शेजारी शेजारी ठेवून नाकारली होती: सगळं पूर्वकर्मानं होतं, सगळं ईश्वराच्या निर्मितीनं होतं, सगळं विनाकारण होतं. यातलं कुठलंही धरलं, तर ‘हे करावं, हे करू नये’ असं म्हणण्यात आणि प्रयत्नात काही अर्थच उरत नाही, असं त्याचं म्हणणं. पण बाबासाहेबांची घाई नसलेली वाट आठव. येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि दीक्षाभूमीवर धम्म स्वीकारला तो १४ ऑक्टोबर १९५६ ला. मधली २१ वर्षं. ज्या धर्माला ते नकार देत होते, त्याचे ग्रंथ त्यांनी त्यावर श्रद्धा असणाऱ्यांपेक्षा जास्त बारकाईनं वाचले होते. तुझ्या बाबांचं म्हणणं तू २१ मिनिटं तरी सलग ऐकलंस का?

बाबांनी गंडादोऱ्यापायी औषध बंद केलं असतं, किंवा तुझ्या लग्नात जात, पत्रिका आणली असती, तर मी तुला वाद घाल म्हटलं असतं, कडाक्याचा घाल, आई चिडली तरी घाल. तुझ्या पत्रात तसं काहीच नाही. एक माणूस टेकडीवर जाऊन हात जोडतो आणि घरी येऊन लिबेट लिहून घेतो. असा श्रद्धाळू बाप तुला कुठे मिळणार आहे?

चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ आज हातात नाहीत. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रह’ लिहिला आणि त्याचं पहिलं प्रकरण चार्वाकांना दिलं. देव, परलोक, कर्मफळ सगळं नाकारणाऱ्यांचं म्हणणं आधी मांडलं आणि मग पुढे गेले. न मानणाऱ्याचं म्हणणं मानणाऱ्यानं लिहून ठेवलं, म्हणून त्यातलं बरंचसं आपल्यापर्यंत पोचलं. याला पूर्वपक्ष म्हणायचे, आणि तो मांडल्याशिवाय उत्तर द्यायला उभं राहायची सोय नव्हती. तुमच्या घरात पूर्वपक्ष एकट्या बाबांनी लिहिलाय.

तेव्हा पटवून कसं द्यायचं, हे मी सांगणार नाही. येत्या रविवारी तू एकच काम करायचंस. सकाळचे पोहे झाले की कॅलेंडरचं एक जुनं पान घे, बाबांच्या शेजारी बस आणि विचार, ‘बाबा, सगळं ठरलेलं असतं म्हणजे तुम्हाला नेमकं काय म्हणायचंय? ब्रेक लावताना काय वाटायचं?’ आणि लिहीत जा, त्यांच्याच शब्दांत. मध्ये ‘पण’ म्हणायचं नाही, मान हलवायची नाही, संदर्भ द्यायचा नाही. ते सुरुवातीला म्हणतील, ‘जाऊ दे, असेल बा तुझं बरोबर.’ तू उठू नकोस. लिहून झालं की वाचून दाखव. ते म्हणतील, असं नव्हे. खोड, पुन्हा लिही. ‘हो, हेच म्हणून राहिलो मी,’ असं त्यांच्या तोंडून येईपर्यंत तुझी पाळी नाही. त्याला एक रविवार लागो की चार.

मग तुझी पाळी आली की पहिल्यांदा त्यांच्या प्रश्नचिन्हाचं उत्तर दे, ५५०, २००, थोपवण्याची सवड, २०१२, सगळं. आपण अर्धंच सांगितलं होतं, हेही सांग. तबकडी काढून दाखव, ठिपका काढ. ज्यानं जन्मभर सेकंदांवर गाडी चालवली, त्याला हा प्रयोग तुझ्या वर्गातल्या पोरांपेक्षा लवकर कळेल.

आणि ते जुनं पान रद्दीत गेलं नसेल तर काढून ठेव. ‘लिबर्ट’च्या खाली तुझ्या हातानं ‘लिबेट’ लिही, पण त्यांनी लिहिलेलं खोडू नकोस.

ब्रेकबद्दल ते काय म्हणाले, ते मला नक्की कळव.

तुझी,
मावशी