गोगलगाय, चाबूक आणि तारखा

प्रश्न : मी अकरावीला राज्यशास्त्र शिकवतो. एनसीईआरटीच्या पुस्तकात पूर्वी शंकर यांचं गोगलगायीचं व्यंगचित्र होतं, ते २०१२ मध्ये काढून टाकलं. मुलं मोबाइलवर ते शोधून आणतात आणि विचारतात, ‘सर, यात चुकीचं काय होतं?’ तुम्ही राजकारणावर विनोदी लिहिता. तुम्ही काय सांगितलं असतं?
– एक शिक्षक, सातारा

उत्तर : आधी चित्र काय होतं ते, न पाहिलेल्यांसाठी. गोगलगायीवर डॉ. आंबेडकर बसले आहेत, हातात चाबूक. गोगलगाय म्हणजे संविधान. मागे पंडित नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक, उगारलेला. पाठीमागे बघ्यांची गर्दी. घटना तयार व्हायला फार वेळ लागतोय, अशी तक्रार तेव्हा होती, त्यावर शंकर यांनी १९४९ मध्ये ते काढलं. पाठ्यपुस्तकात घेताना चित्रासोबत मुलांसाठी प्रश्नही दिला होता, की घटना समितीला इतका वेळ का लागला असावा?

पुस्तक करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, असं मी मानते. संसदेत गदारोळ झाला, सरकारने चित्र मागे घेतलं, योगेंद्र यादव आणि सुहास पळशीकर यांनी या पुस्तकाचं सल्लागारपद सोडलं आणि पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. त्या मोडतोडीचं समर्थन माझ्याकडून कधीच होणार नाही. पण ज्यांना चित्र खुपलं त्यांना विनोद कळत नाही, हे म्हणणंही मला पटत नाही. नेहरूंचा चाबूक गोगलगायीसाठी आहे हे चित्रकाराला माहीत. पाहणाऱ्याला काय दिसतं? पुढे पाठमोरे आंबेडकर आणि मागे चाबूक उगारलेला माणूस. ज्याच्या आज्याने गावात असा मार खाल्लाय, त्याची नजर तिथेच अडकणार. चित्रकाराचा हेतू चित्राबरोबर छापला जात नाही. १९४९ च्या दिल्लीत जे हसण्यावारी गेलं, ते साठ वर्षांनी वर्गातल्या, घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या पिढीच्या मुलालाही तसंच दिसावं, ही अपेक्षाच मुळात अन्यायाची आहे.

मी मुलांपुढे चित्राच्या शेजारी बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण ठेवलं असतं. उशिराचा आरोप त्यांनी त्या दिवशी घटना समितीत स्वतःच हाती घेतला. अमेरिकेची घटना चार महिन्यांच्या आत झाली, दक्षिण आफ्रिकेला वर्ष लागलं, कॅनडाला दोन वर्षं पाच महिने, ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षं. मग त्यांनी आकार दाखवला. अमेरिकेच्या मूळ घटनेत सात कलमं, आपल्या घटनेत ३९५. त्यातही या देशांच्या घटनाकारांपुढे दुरुस्त्यांचा प्रश्न नव्हता. आपल्याकडे २४७३ दुरुस्त्या सभागृहात मांडल्या गेल्या आणि एकेक निकाली काढाव्या लागल्या.

हे सगळं झाल्यावर ते एका शाब्दिक कोटीकडे वळले. नझिरुद्दीन अहमद या सदस्यांनी घटनेचा मसुदा करणाऱ्या ‘ड्राफ्टिंग कमिटी’ला ‘ड्रिफ्टिंग कमिटी’ म्हटलं होतं, म्हणजे वाहवत चाललेली समिती. कोटी जमली म्हणून अहमद खूश असतील, एवढं मान्य करून बाबासाहेब म्हणाले, की ताबा सुटून वाहवणं आणि ताबा ठेवून वाहणं यात फरक आहे. लागला तर लागला मासा म्हणून समिती गळ टाकून बसली नव्हती. ओळखीच्या पाण्यात हवा तो मासा शोधत होती.

आधी आकडे, मग विनोद. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो, कारण अहमद यांच्या कोटीमागे काहीच नव्हतं आणि उत्तरामागे तीन वर्षांचं काम होतं. मुलांना दोन्ही एका तासात दाखवा आणि वाद घालू द्या. भाषण महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या तेराव्या खंडात मिळेल.

प्रश्न : आमच्या घरच्या ग्रुपवर पुढाऱ्यांच्या जाडेपणावर, बोलताना अडखळण्यावर, महिला आमदारांच्या साड्यांवर विनोद येतात. मी बोलले की सगळे म्हणतात, ‘हलकं घे.’ गप्प बसू का?
– एक गृहिणी, नाशिक

उत्तर : बोला. त्या पुढाऱ्याला तुमच्या ग्रुपवरचा विनोद कधी कळणारही नाही. ग्रुपवर असलेल्या जाड भाचीला आणि अडखळत बोलणाऱ्या पुतण्याला मात्र तो त्याच मिनिटाला कळतो. शिवाय साडीवर हसून झालं की त्या बाईंनी सभागृहात कोणत्या विधेयकावर काय मत दिलं, हे विचारायचं राहून जातं.

प्रश्न : ताई, मला राजकीय विनोदी सदर लिहायचंय. बातम्या तर सगळेच वाचतात, मग तुम्ही विषय कुठून आणता?
– बी.ए.ची विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : जीआर, म्हणजे शासन निर्णय, वाचत जा. शासनाच्या संकेतस्थळावर ते सगळ्यांना खुले असतात आणि वाचणारे फार थोडे. वरच्या बाजूला ‘वाचा’ असं लिहून खाली आधीची पत्रं आणि जुने निर्णय तारखांसकट दिलेले असतात. मी पहिल्यांदा या तारखा वहीत उतरवते, निर्णय काय आहे ते नंतर बघते. मग प्रस्तावना येते, आणि ती बहुतेक वेळा ‘ही बाब शासनाच्या विचाराधीन होती’ अशा वाक्यावर संपते. आता पहिल्या पत्राची तारीख आणि निर्णयाची तारीख शेजारी-शेजारी लिही. समज, शाळेच्या छपराचा निर्णय आहे आणि मध्ये तीन पावसाळे गेलेत. तर त्या शाळेत जा. पाऊस आला की वर्ग कुठे भरवायचे, पहिली-दुसरी एकत्र बसवली की फळा कुणी वापरायचा, हे मुख्याध्यापकांना विचार आणि ते सांगतील तसंच, त्यांच्याच शब्दांत लिहून घे. तुला वेगळं काही रचावं लागणार नाही.

माझा पहिला खर्डा रागाचा असतो. तो मी फाडत नाही, त्यातली विशेषणं काढते. ‘निर्लज्ज’, ‘ढिम्म’ वगैरे गेलं की तारखा उरतात, माणसं काय म्हणाली ते उरतं, आणि हसू येतं ते तिथून. रागही तिथेच राहतो, वाचणाऱ्याला तो नीट पोचतो. आणि जीआरच्या शेवटी सांकेतांक असतो, तो खर्ड्यावर टिपून ठेवायची सवय आत्तापासून लाव. संपादक विचारतातच.

प्रश्न : मी तालुक्याच्या साप्ताहिकात लिहितो. एका लोकप्रतिनिधीने भाषणात दिलेल्या आश्वासनांवर विनोदी लेख लिहिला, तर त्यांच्या माणसाचा फोन आला, ‘बदनामीची केस टाकू.’ लिहिणं थांबवावं का?
– एक वाचक

उत्तर : थांबवू नका. संविधानाच्या कलम १९(१)(क) ने तुम्हाला बोलण्याचा हक्क दिला आहे, १९(२) मध्ये त्याच्या मर्यादा आहेत आणि बदनामी ही त्यातली एक. बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. त्याच कलमात अपवादही आहेत : खरी गोष्ट लोकहितासाठी सांगणं, आणि लोकसेवकाच्या कामाबद्दल सद्‌भावनेने मत देणं. म्हणून मूळ भाषणाचं रेकॉर्डिंग, तारीख, जागा आणि तुमची टिपणं एका फायलीत लावा. त्यांच्या घरच्यांवर किंवा खासगी आयुष्यावर एखादं वाक्य लेखात असेल तर त्याला हा आधार मिळणार नाही, तेवढं तपासा.

कायदा आपल्या बाजूने आहे म्हणून त्रास होत नाही, असं मी सांगणार नाही. २०१२ मध्ये फेसबुकवरच्या मजकुरावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. त्या वेळी वापरलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं, पण त्या मुलींचे अटकेचे तास काही परत आले नाहीत. तेव्हा फोनची तारीख, वेळ, नंबर आजच लिहून ठेवा, संपादकांना लेखी कळवा आणि तालुक्यातल्या एखाद्या वकिलाला फाइल दाखवून घ्या. फोनवर मारहाणीची भाषा झाली असेल तर पोलिसांत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. घरच्यांनाही सांगा. आणि पुढच्या अंकाचा मजकूर ठरल्या वारी द्या. या आठवड्यात तुमचं सदर दिसलं नाही तर फोन करणाऱ्याला वाटेल, आपलं काम झालं.