टॅबवरचा 'क' आणि पुस्तकातला 'क'

प्रश्न : ताई, माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. टॅबवरच्या अक्षरांच्या खेळात रोज पैकीच्या पैकी तारे मिळवते. पण गोष्टीच्या पुस्तकातल्या 'क'वर बोट ठेवलं की गप्प. टॅब बंदच करून टाकू का?
— एक आई

उत्तर : आधी एक करून बघा. कोऱ्या कागदावर काळ्या पेनाने नुसता 'क' काढा. शेजारी कमळ नको, रंग नको. माझ्या बालवर्गातला एक पठ्ठ्या सगळी मुळाक्षरं धडाधड म्हणायचा. मी कमळाच्या चित्राखाली मुद्दाम 'म' लिहिला, तरी तो 'क कमळाचा' म्हणून मोकळा! तो चित्र वाचत होता. त्याला तरी काय बोलायचं, तारा मिळायला तेवढं पुरत होतं.

म्हणून खेळ निवडताना आधी तुम्ही स्वतः खेळा. अक्षराकडे न बघता जिंकता आलं, तर तो खेळ वाचनाच्या कामाचा नाही. मराठीपुरतं आणखी एक बघायचं, ते म्हणजे ऱ्हस्व वेलांटी. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारात मात्र 'क' आधी. काही खेळांत डावीकडून एकेक खूण उजळत जाते, मग मूल 'इक' म्हणतं आणि आपण त्यालाच रागावतो. अख्खा 'कि' एकदम उजळायला हवा.

आणि शेजारी बसा. 2003 साली बाळं भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासक पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांनी समोर बसून बोलणाऱ्या माणसाकडून मँडरिन या चिनी भाषेचे ध्वनी उचलले; व्हिडिओवरून काही उचललं नाही. तुमची लेक बाळ नाही, मान्य. पण 'अगं, हेच अक्षर तुझ्या नावात आहे की!' हे टॅब आपणहून थोडाच म्हणणार?

वेळेचं म्हणाल तर या वयाला बसून स्क्रीन बघणं दिवसाला फार तर एक तास, त्याहून कमी असेल तर उत्तमच, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं आहे. मी त्यातली दहा मिनिटं मागेन, तीही आवाज रेकॉर्ड करायला. मुलीला चित्र काढू द्या, त्याची गोष्ट तिच्या तोंडून रेकॉर्ड करा. मग तिचेच शब्द, 'मांजर पळाली, मांजर झोपली' असे का असेनात, चित्राखाली ठळक लिहा. आवाज लावायचा आणि शब्दांखालून बोट फिरवायचं. शुद्धलेखन सोडून तिची वाक्यं सुधारू नका हं. माझ्या वर्गात असंच बोट फिरवताना एक मुलगी थांबली, मागे गेली आणि म्हणाली, "बाई, हे आणि हे सारखंच दिसतंय. दोन्ही मांजरच!" रेकॉर्डिंग पुढे चालूच होतं, तिचं लक्ष नव्हतं.