तीन दिवे एकदम लागले म्हणून तीन पार्ट बदलू नका

प्रश्न: आठ वर्षं जुनी सात सीटर डिझेल गाडी घेतलीय, घरात आई-बाबा आणि मुलं धरून आम्ही सहा जण. दोन दिवस उभी राहिली की सेल्फ नुसता टकटक करतो. जंपर लावून चालू केली तर एबीएस, पॉवर स्टिअरिंग आणि एअरबॅग तिन्ही दिवे लागलेले. मेकॅनिक म्हणतो एबीएसचं युनिट बदला. बॅटरी तर मागच्याच महिन्यात नवीन टाकली, आता काय करू?

उत्तर: व्होल्टेज मोजल्याशिवाय युनिट बदलायला हो म्हणू नका, अगदी मनापासून सांगतोय. तीन वेगळ्या सिस्टीम एकाच सकाळी खराब होणं फारच दुर्मिळ, त्या तिघींना पुरवठा मात्र एकाच बॅटरीचा असतो आणि सेल्फ मारताना व्होल्टेज फार पडलं की ही युनिट्स गडबडतात, दिवा लावतात आणि फॉल्ट कोड साठवून ठेवतात.

मल्टीमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास हवी, 12.2 म्हणजे जवळपास अर्धी रिकामी. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 यायला हवेत. काही गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग मुद्दाम कमीजास्त करतो म्हणून हेडलाइट आणि ब्लोअर लावून परत बघा. मग बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक टोक आणि इंजिनच्या उघड्या धातूवर दुसरं ठेवून कुणालातरी सेल्फ मारायला सांगा, अर्धा व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंगची वायर गंजलीय किंवा ढिली आहे. ती घासून घट्ट करायचं काम छोटं असतं पण बघतच नाही कुणी.

चार्जिंग ठीक असेल तर करंट कुठेतरी झिरपतोय. गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास झोपू द्या, नंतर 50 मिलीअँपिअरपेक्षा जास्त खेचत असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा पडेल ती लाइन तपासायची. (करंट मोजायला मीटर सिरीजमध्ये, म्हणजे बॅटरी आणि तिच्या वायरीच्या मधे लावतात; तो तसा असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.) सात सीटरमध्ये माझा पहिला संशय डिकीच्या दारावर असतो. ते जड दार वर्षानुवर्षं उघडबंद होतं आणि बिजागरीजवळच्या रबरी नळीतल्या वायरी आतल्या आत तुटतात, कधी सामानाचा दिवा रात्रभर जळत राहतो. मोबाइलवर व्हिडिओ चालू करून आत ठेवा, दार बंद करा, दिवा विझतो का ते दिसेल. आधीच्या मालकाने स्क्रीन किंवा कॅमेरा बसवला असेल तर त्याची वायरिंगही बघा.

व्होल्टेज नीट झाल्यावर कोड पुसून घ्या. एअरबॅगचा दिवा परत आला तर बऱ्याचदा सीट पुढेमागे करून तिच्याखालचा पिवळा कनेक्टर ढिला झालेला असतो, पण त्याला स्वतः हात लावू नका, ते जाणकाराचंच काम. एबीएसचा एकटा परत आला तर आधी चाकाचा स्पीड सेन्सर आणि त्याची वायर तपासा. तोवर साधे ब्रेक लागतील पण जोरात दाबले तर चाक लॉक होऊ शकतं, म्हणून अंतर ठेवून चालवा, मागे मुलं असतात.

प्रश्न: मागच्या एसीचा ब्लोअर फक्त फुल स्पीडवर चालतो.

उत्तर: ब्लोअरचा वेग कमी करणारा रेझिस्टर गेलाय. नवीन टाकताना कनेक्टर वितळलाय का बघा, वितळला असेल तर मोटर जाम होऊन जास्त करंट खेचत असेल, मग एकटा रेझिस्टर टिकणार नाही.

प्रश्न: सगळे बसले की खड्ड्यात पुढून खडखड येते, एकटा असताना नाही.

उत्तर: पुढच्या सस्पेन्शनमधले लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबर) आधी बघा, शॉकअब्सॉर्बर नंतर. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवल्यावर कटकट आली तर तो ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट, त्याचं रबर फाटून ग्रीस उडालेलं दिसेल. आणि टायरमधली हवा तपासा, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी बहुतेक वेळा वेगळा आकडा असतो, मागच्या टायरसाठी तर नक्की वाचा.