पोतं आदळलं, मग संवेग गेला कुठं?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं अडतीचं दुकान आहे. मागं एकदा गाडीवरनं हळदीचं पोतं निसटलं, धाडदिशी फरशीवर पडलं आणि जागच्या जागी थांबलं. पोरगी नववीत, ती म्हणाली संवेग अक्षय्य असतो ना, मग ह्याचा गेला कुठं? मी म्हटलं आवाजात आणि उष्णतेत गेला. बरोबर का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आवाजात, उष्णतेत गेली ती ऊर्जा हो, संवेग नव्हे; संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, आणि त्याला दिशाही असते. दोन्ही एकत्र कालवायची सवय बऱ्याच जणांना असते.

आता हिशोबच करू. पोतं ५० किलोचं, उंची सव्वा मीटर धरली तर अर्ध्या सेकंदात खाली येतं आणि टेकताना वेग सेकंदाला साधारण ५ मीटर, म्हणजे संवेग झाला २५०, खालच्या दिशेनं. पण पृथ्वी पोत्याला खाली ओढते तेव्हा पोतंही पृथ्वीला तेवढ्याच बळानं वर ओढत असतं (न्यूटनचा तिसरा नियम, दुसरं काय), त्यामुळं त्याच अर्ध्या सेकंदात पृथ्वीलाही २५० संवेग मिळालेला असतो, फक्त उलट्या दिशेचा. दोघांची बेरीज आधी शून्य, पडताना शून्य, आदळल्यावरही शून्यच! फरशीवर दोघं एकमेकांना थांबवतात, एवढंच.

मग पृथ्वी हललेली कळत कशी नाही? तिचं वस्तुमान ६ वर २४ शून्यं इतके किलो, त्यामुळं ती वर सरकली ती प्रोटॉनच्या (अणूच्या गाभ्यातल्या कणाच्या) रुंदीच्या दहा कोटीव्या भागाएवढी, ते कुठल्या यंत्राला दिसणार! आणि हमालानं पोतं गाडीत चढवलं तेव्हा पायानं जमीन तेवढीच खाली रेटली होती, म्हणजे तोही हिशोब आधीच फिटलेला.

पोतं फुटून हळकुंडं चौफेर उडाली तरी फरक पडत नाही, डावीकडं जाणाऱ्यांचा संवेग उजवीकडच्यांनी कापला जातो, आणि उरलासुरला असेल तो घासत घासत फरशीलाच, म्हणजे परत पृथ्वीलाच जातो.

पोरीला एवढंच सांगा की पेपरात ‘पोतं आणि पृथ्वी मिळून’ असं लिही. नुसतं पोतं धरलं तर गुरुत्वाकर्षण बाहेरचं बल ठरतं, आणि बाहेरचं बल असलं की संवेग अक्षय्यतेचा नियम तिथं लागूच होत नाही.