रसायनांचं थायरॉइड स्क्रीनिंग सुरू करताय? आधी सीरम बघा

घाबरू नका, पहिल्या दोन-चार प्लेट्स सगळ्यांच्याच वाया जातात. ल्युसिफरेज रिपोर्टर पेशींवर (थायरॉइड हार्मोनचा रिसेप्टर जागा झाला की चमकणाऱ्या पेशी) काम करताना सुरुवातीला एवढंच सांभाळा:

१. पेशी वाढवायच्या नेहमीच्या सीरममध्ये टी३, टी४ ही थायरॉइड हार्मोन्स आधीच असतात. पेशी त्यावरच चमकतात आणि तुमच्या रसायनाचा परिणाम झाकला जातो. हार्मोन काढलेलं सीरमच घ्या. माझा अख्खा महिना यात गेला!

२. सिग्नल (म्हणजे चमक) घसरला की लगेच 'अवरोधक सापडला' म्हणून नाचू नका. पुष्कळदा पेशीच मेलेल्या असतात. त्याच मात्रांना पेशी जिवंत आहेत का, तेही तपासा.

३. डीएमएसओ (रसायन विरघळवायचा द्रव) प्लेटच्या सगळ्या वेल्समध्ये (खळग्यांमध्ये) सारखं, ०.१ टक्क्याच्या आसपास.

आणि रिसेप्टरची चाचणी कोरी आली म्हणजे रसायन निर्दोष, असं नाही. परक्लोरेट हे रसायन हार्मोन बनवायला लागणाऱ्या आयोडाइडला थायरॉइडच्या पेशीत शिरू देत नाही, रिसेप्टरच्या वाटेलाही जात नाही. अशा परिणामांच्या चाचण्या नंतर.