वाचकांचे प्रश्न : क्लॉक नेमका कुणाचा?

प्रश्न : जुन्या सीडी प्लेयरचं कोअॅक्सिअल आउटपुट बाहेरच्या डॅकला (आकड्यांचं आवाजाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या यंत्राला) जोडलं आहे. प्लेयरमध्ये कमी जिटरचा क्लॉक बसवला तर आवाज खुलेल, असं दुकानदार म्हणतो. बसवावा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : या जोडणीसाठी नको. क्लॉक म्हणजे आकड्यांना ताल देणारा ठोका; तो वेळेत थरथरला की जिटर. जिटर बाधतो तो आकड्याचं व्होल्टेज होतं त्या क्षणी, आणि तो क्षण तुमच्या डॅकमध्ये आहे. कोअॅक्सिअल तारेतून क्लॉक वेगळा जात नाही. दर सॅम्पलमागे (आवाजाच्या दर मापामागे) 64 बिट, म्हणजे सेकंदाला 28,22,400 बिट जातात आणि त्यांच्याच चढउतारांवरून डॅकमधली रिसीव्हर चिप पीएलएलने (येणाऱ्या ठोक्यांशी जुळवून घेणाऱ्या मंडलाने) क्लॉक पुन्हा घडवते. वेगाने होणारी थरथर पीएलएल गाळते, संथ थरथर पुढे जाऊ देते, वर स्वतःची थोडी भर घालते. प्लेयरमधल्या महागड्या क्लॉकचं त्यातून फारसं काही उरत नाही.

आधी तार तपासा. ती 75 ओहमचीच हवी. साधी आरसीए ऑडिओ तार चालते, पण टोकांशी सिग्नल परावर्तित होऊन कडा बिघडतात. सीसीटीव्हीची आरजी-59 स्वस्तात मिळते. घेताना जाळी तांब्याची आहे ना ते पाहा, अॅल्युमिनियमच्या जाळीला सोल्डर धरत नाही.

मग मोजा. 10 किलोहर्ट्झचा शुद्ध सूर वाजवून चांगल्या साउंड कार्डवर रेकॉर्ड करा आणि 65,536 बिंदूंचा एफएफटी (कोणत्या वारंवारतेला किती पातळी, याचा आलेख) काढा. सुराच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर जोडीने सुळके दिसले तर संशय घ्या; 100 हर्ट्झवर असतील तर बहुधा पॉवर सप्लाय. आता 5 किलोहर्ट्झचा सूर तेवढ्याच पातळीवर वाजवा. सुळके 6 डेसिबलने उतरले तर जिटर, तिथेच राहिले तर व्होल्टेजची चढउतार. 10 किलोहर्ट्झला 1 नॅनोसेकंद (शिखर) जिटरचे सुळके सुराच्या 90 डेसिबल खाली येतात. साउंड कार्डाचा स्वतःचा जिटरही यात मिसळतो, हे धरून चाला. बेंजामिन आणि गॅनन या संशोधकांच्या 1998च्या चाचण्यांत संगीतातला 20 नॅनोसेकंदांखालचा जिटर कुणालाही ओळखता आला नव्हता, तेव्हा दुकानदाराच्या कानांवर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा.

प्लेयरचं अॅनालॉग आउटपुट वापरणार असाल, तर मात्र क्लॉक बदलण्यात अर्थ आहे. जुन्या क्लॉकच्या क्रिस्टलवरचा आकडा वाचा. 16.9344 किंवा 11.2896 मेगाहर्ट्झ हे नेहमीचे. ऑसिलेटर, म्हणजे नवा क्लॉक, नेमका त्याच आकड्याचा हवा. क्रिस्टल आणि त्याचे दोन छोटे कपॅसिटर काढा, ऑसिलेटरचं आउटपुट 33 ओहममधून चिपच्या क्रिस्टल-इन पिनला द्या, क्रिस्टल-आउट मोकळी ठेवा. ऑसिलेटरच्या पिनेला अगदी लागून 0.1 मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर आणि त्याला स्वतंत्र, कमी नॉइजचा रेग्युलेटर द्या. जुन्या 5 व्होल्टच्या चिपला 3.3 व्होल्टचा ऑसिलेटर पुरत नाही: तिला बऱ्याचदा 3.5 व्होल्ट लागतात, आणि प्लेयर कधी चालतो, कधी नाही. फाइल वाजवणाऱ्या यंत्रात 11.2896च्या जागी 12.288 बसवला, तर पांढरी एकमधलं गाणं काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे कुठेतरी वाजेल.

प्रश्न : रेकॉर्ड प्लेयर यूएसबी कन्व्हर्टरमधून संगणकात घेतो आणि दुसऱ्या यूएसबी डॅकवरून ऐकतो. दर दोनेक मिनिटांनी 'टिक' येते. हा जिटरच ना?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही. इथे दोन यंत्रांचे दोन क्लॉक आहेत. त्यांत 100 पीपीएमचा (दहा लाखांत 100) फरक असेल, तर सेकंदाला साधारण 4.4 सॅम्पल उरतात किंवा कमी पडतात. 1,024 सॅम्पलचा बफर (तात्पुरती साठवण) अर्धा भरून सुरू केला, तर 116 सेकंदांत तो ओसंडतो किंवा रिकामा होतो. तीच तुमची टिक. बफर वाढवलात तर ती उशिरा येईल, थांबणार नाही. इनपुट-आउटपुट दोन्ही एकाच ऑडिओ इंटरफेसवर घ्या, म्हणजे क्लॉक एकच राहील. ते जमत नसेल, तर कॅमिलाडीएसपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये असिंक्रोनस रीसॅम्पलिंग (सॅम्पलचा दर दुसऱ्या क्लॉकशी जुळवणं) आणि रेट अॅडजस्ट, दोन्ही चालू करा.

प्रश्न : 10 मेगाहर्ट्झचा रुबिडियम क्लॉक (रुबिडियमच्या अणूंवर चालणारा) घ्यावा का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : डॅकला त्या क्लॉकसाठी इनपुट नसेल तर विषयच संपला. असलं तरी 10 मेगाहर्ट्झवरून डॅकला लागणारे 22.5792 मेगाहर्ट्झ करायला आत पीएलएल लागतो, आणि शेवटी जिटर त्याचाच मोजायचा. रुबिडियमची खरी ख्याती महिनोन् महिने न सरकण्याची आहे. साध्या क्रिस्टलच्या 50 पीपीएम चुकीने 440 हर्ट्झचा सूर 0.022 हर्ट्झने हलतो. तेवढ्यासाठी पैसे घालवू नका.