रक्तात कॅन्डिडा (यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी) सापडला. रिपोर्टमध्ये बुरशीवरच्या औषधांपैकी फ्लुकोनॅझोलची एमआयसी 2 आणि मायकाफंगिनची 0.25 आहे. म्हणजे मायकाफंगिन आठपट जोरदार का? आणि नव्या रेझाफंगिनची टेस्ट लॅब का करत नाही?

नाही, तसा हिशोब होत नाही; दर औषधाचा आकडा त्याच्याच तक्त्यात बघायचा. हे आकडे ज्यावरून निघतात त्या प्लेटा मी लॅबमध्ये रोज लावते.

प्लेटमध्ये 96 बारके खड्डे असतात. एका टोकाला औषध भरपूर, पुढे दर खड्ड्यात निम्मं. सगळीकडे रुग्णाचं यीस्ट सारखंच टाकायचं, 35 अंशांवर 24 तास ठेवायचं. ज्या सर्वांत कमी मात्रेला वाढ दबते, ती एमआयसी. फ्लुकोनॅझोल यीस्टला मारत नाही, नुसतं दाबून ठेवतं. त्यामुळे जास्त औषधाच्या खड्ड्यांतही थोडा गढूळपणा उरतो. औषध नसलेल्या खड्ड्याच्या निम्म्यावर वाढ आली की तिथेच आकडा लिहायचा. नितळ खड्डा शोधत बसलात तर फसलात. अॅम्फोटेरिसिन या तिसऱ्या औषधाला मात्र खड्डा नितळच लागतो.

आकड्याला अर्थ येतो तो प्रजातीमुळे. मायकाफंगिन 0.25 असताना यीस्ट अल्बिकन्स असेल, तर सीएलएसआय या लॅबचे नियम ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या तक्त्याप्रमाणे औषध लागू पडेल. ग्लाब्राटा असेल, तर तोच 0.25 म्हणजे रेझिस्टंट, औषधाला दाद न देणारं! शिवाय आज 0.12 आलेला आकडा उद्या त्याच यीस्टवर 0.25 येऊ शकतो. एका पायरीचा फरक आम्ही चूक धरत नाही. तेव्हा रिपोर्टवर आधी प्रजातीचं नाव बघा, आकडा मागाहून.

रेझाफंगिनची गंमत वेगळी. अमेरिकेत त्याला 2023 मध्ये मंजुरी मिळाली, आठवड्यातून एकदाच सलाईनमधून देतात. पण हे औषध प्लॅस्टिकला चिकटतं, पिपेटच्या टिपला आणि प्लेटलासुद्धा. खड्ड्यात पोचतं ठरवल्याहून कमी, मग एमआयसी उगाच मोठी दिसते आणि दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत. म्हणून युरोपात अशा टेस्टचे नियम ठरवणाऱ्या युकास्ट समितीने यीस्ट वाढवायच्या माध्यमात 0.002 टक्के ट्वीन 20 घालायला सांगितलं आहे. साबणासारखाच पदार्थ तो, पण एवढ्या थेंबभराने आकडे ताळ्यावर येतात. आमच्या मशीनच्या तयार कार्डावर रेझाफंगिन नाही. हाताने प्लेट लावायची तर शुद्ध पावडर मिळवण्यापासून तयारी. तुमच्याही लॅबची अडचण बहुधा हीच.

तसं रेझाफंगिन मायकाफंगिनच्याच घराण्यातलं. ही औषधं यीस्टच्या ज्या भागावर काम करतात, त्याच्या एफकेएस जीनमध्ये बदल झालेलं यीस्ट बहुतेक वेळा दोघांनाही दाद देत नाही. तुमचं यीस्ट ग्लाब्राटा निघालं, तर रेझाफंगिनच्या टेस्टसाठी न थांबता अॅम्फोटेरिसिनचा आकडा काय आला ते डॉक्टरांना आजच विचारा.